अंधेरीतली गेम कंपनी: टेस्टर म्हणून माझा अनुभव

नाव लिहीत नाही. मोबाईल गेम बनवणारी कंपनी, ऑफिस अंधेरी पूर्वेला, मेट्रोजवळ. मी टेस्टिंगला होते.

काम शिकायला जागा उत्तम. स्वस्त अँड्रॉइड फोनांनी भरलेलं एक कपाट होतं, प्रत्येक फोनवर रॅम लिहिलेली पट्टी. गेम चालू असताना कॉल आला आणि तो कट केला, की गेमचा आवाजच गायब. हा बग मी दोन जीबीच्या फोनवर पकडला, तेव्हा प्रोग्रामर खुर्ची ओढून शेजारी बसला आणि लॉग, म्हणजे गेम चालताना आत काय घडलं त्याची नोंद, कसा वाचायचा ते दाखवलं. सगळे एकमेकांना अरे-तुरे करायचे. हे मला मनापासून आवडलं.

खटकले ते रिलीजच्या आधीचे आठवडे. बिल्ड (गेमचं तपासायचं नवं व्हर्जन) संध्याकाळी सातला हातात यायचं, रिपोर्ट सकाळी हवा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा कामाला दुप्पट दर आहे. आम्हाला जेवण मिळायचं, पैसे नाहीत. त्याच कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि सुरक्षिततेची सोय लागते. आम्हाला कुणी विचारलंच नाही. शेवटच्या विरार लोकलसाठी मुली धावत सुटायच्या. हे अजिबात चालवून घेऊ नये.

आणि क्रेडिट्स, म्हणजे गेम बनवणाऱ्यांच्या नावांची यादी! रिलीजआधी नोकरी सोडलेल्यांची नावं काढून टाकली. ज्या आर्टिस्टने पात्रं रंगवली, तिचंच नाव नाही. हा सरळ अन्याय आहे.

इंटरव्ह्यूला जाल तर रात्रीची कॅब आणि क्रेडिट्सचा नियम विचारा, आणि उत्तर ईमेलवर लेखी घ्या.