मॅचच्या काडतुसांसाठी प्रेस कोणता घ्यावा: सिंगल-स्टेज, को-ॲक्स, टरेट की प्रोग्रेसिव्ह?

अमेरिकेत एफ-क्लास (रायफल टेकवून लांब पल्ल्याची) किंवा हाय-पॉवर (उभं, बसून, झोपून केलेली रायफलीची) नेमबाजी करणाऱ्या बहुतेकांवर आज ना उद्या स्वतः काडतुसं भरायची वेळ येते. मग पहिला प्रश्न पडतो तो प्रेसचा, म्हणजे वापरलेल्या पुंगळीला (काडतुसाच्या पितळी कवचाला) दांडा ओढून पुन्हा आकार देणाऱ्या आणि तिच्यात गोळी बसवणाऱ्या यंत्राचा. दुकानात सल्ला मिळतो तो बहुधा वजनाच्या आणि ताकदीच्या भाषेत. मॅचसाठी मात्र एकच कसोटी लावावी: तोच दांडा शंभर वेळा ओढला, तर पुंगळीचा खांदा (गोळी धरणाऱ्या मानेखालचा उतार) शंभर वेळा त्याच जागी येतो का?

हे लिहिलं आहे ते जिथे काडतुसं भरणं कायदेशीर आहे तिथल्या वाचकांसाठी. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. तसंच, पॅरिसला २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेने ज्या ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवलं, त्यात .२२ रिमफायर काडतूस लागतं. त्याचं प्रायमिंग (ठिणगी देणारा मसाला) पुंगळीच्या कडेतच भरलेलं असल्यामुळे ते पुन्हा भरता येत नाही. तिथे निरनिराळ्या लॉटची (कारखान्यातल्या खेपांची) काडतुसं आपल्या रायफलीतून तपासून लॉट निवडतात. पुढची चर्चा सेंटरफायरची (ज्यात प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी टोपी, बुडाच्या मध्यभागी बसते आणि बदलता येते), म्हणजे .२२३ रेमिंग्टन, .३०८ विंचेस्टर, ६.५ क्रीडमोर यांची.

मापं हजारांश इंचात, म्हणजे थाऊमध्ये देतो. एक थाऊ म्हणजे ०.०२५४ मिलिमीटर.

बिडाचे सिंगल-स्टेज

आरसीबीएसचा रॉक चकर सुप्रीम हा या वर्गातला सर्वांच्या ओळखीचा. बिडाचा बंद सांगाडा, भरपूर लिव्हरेज, एका वेळी एकच डाय, म्हणजे पुंगळीला आकार देणारा किंवा गोळी बसवणारा साचा. डायचे आटे ७/८-१४, म्हणजे एका इंचात चौदा. डाय पूर्ण एक फेरा फिरवली तर ती सुमारे ७१ थाऊ खाली उतरते. पाच अंश फिरवली तर एक थाऊ. बोल्ट-ॲक्शन रायफलीसाठी खांदा मागे ढकलायचा असतो एक ते दोन थाऊ. म्हणजे लॉकरिंग (डाय जागेवर धरणारी कडी) आवळताना डाय किंचित फिरली तरी सगळं माप बिघडतं.

यावर उत्तम उपाय म्हणजे रेडिंगचा कॉम्पिटिशन शेलहोल्डरचा (पुंगळीचं बूड धरणाऱ्या खोबणीचा) संच. त्यात +२ ते +१० थाऊ असे पाच होल्डर असतात. डाय शेलहोल्डरला घट्ट टेकेपर्यंत खाली घ्यायची आणि आटे न हलवता फक्त होल्डर बदलायचा. +१० पासून सुरुवात करून खांदा हवा तेवढा मागे जाईपर्यंत एकेक पायरी खाली यावं. डाय होल्डरवर टेकत असल्यामुळे प्रत्येक फटका एकाच ठिकाणी थांबतो आणि सांगाड्याच्या ताणाचा मापावर होणारा परिणाम बराच कमी होतो.

ली कंपनीचा क्लासिक कास्ट पुष्कळ स्वस्त आहे आणि एका बाबतीत सरस आहे. त्याचा रॅम (पुंगळी वर नेणारा दट्ट्या) पोकळ आहे, त्यामुळे वापरलेले प्रायमर नळीतून थेट खाली डब्यात पडतात. रॉक चकरमध्ये काही प्रायमर आणि त्यांची काजळी रॅमवर, टेबलावर सांडते. प्रायमरमध्ये शिशाची संयुगं असतात. घरात लहान मुलं असतील तर हा फरक किमतीपेक्षा मोठा मानावा. प्रेस कोणताही असो, काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत आणि त्या टेबलावर खाणंपिणं करू नये.

चांगल्या डायसोबत वापरले, तर या दोन प्रेसमधला फरक टार्गेटवर दिसणार नाही. पैसे कमी असतील तर क्लासिक कास्ट घ्यावा आणि वाचलेली रक्कम डाय आणि मापनसाधनांवर खर्च करावी.

फोर्स्टर को-ॲक्स

याची रचनाच वेगळी. दोन उभे दांडे, त्यांवर सरकणारा आडवा पाट, आणि शेलहोल्डरऐवजी पुंगळीचं बूड पकडणारे जबडे. .२२३ आणि .३०८ दोन्हींना सोबत येणारे जबडेच चालतात. डाय आट्यांनी बसवायची नसते. लॉकरिंगसकट खाचेत सरकवायची. ती खाचेत जराशी मोकळी राहते, जबडेही थोडे हलतात, आणि पुंगळी वर जाताना आपली आपण डायच्या मध्यावर येते. वापरलेले प्रायमर नळीतून बाटलीत जातात. डाय बदलायला काही सेकंद लागतात आणि बदलताना तिची मांडणी हलत नाही.

घेण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. लॉकरिंग ठरावीक जाडीचीच चालते: फोर्स्टरची किंवा हॉर्नेडीची बसते, लीची ओ-रिंगवाली बसत नाही, म्हणजे जुन्या डायसाठी नव्या रिंगा घेणं आलं. दुसरं, दांडा डोक्यावरून पुढे येतो, त्यामुळे वर्कबेंचच्या वर फळी असेल तर तो अडतो. आणि वर सांगितलेले रेडिंगचे होल्डर यात थेट लागत नाहीत, त्यासाठी वेगळी पट्टी बसवावी लागते.

को-ॲक्सबद्दल एक समज पसरलेला आहे, की तो घेतला की रनआउट (मान किंवा गोळी पुंगळीच्या अक्षापासून वाकडी असणं) संपला. वाकड्या मानेचं सर्वांत मोठं कारण डायमधला एक्स्पांडर बॉल (मान आतून रुंद करणारा गोळा) असतो. पुंगळी खाली येताना तो मानेतून ओढला जातो आणि मान एका बाजूला खेचतो. मानेची जाडी एका बाजूला जास्त असेल तर आणखीच. हे कोणताही प्रेस दुरुस्त करू शकत नाही. बॉल काढून टाकावा, बुशिंग डाय (मान बदलता येणाऱ्या कडीने दाबणारी) वापरावी, आणि मान आतून सारखी करायला वेगळ्या फटक्यात मँड्रेल (गुळगुळीत दांडी) घालावा.

टरेट

टरेटमध्ये डाय एका फिरत्या डोक्यात बसतात. रेडिंगच्या टी-७ मध्ये अशी सात भोकं आहेत. साइझिंग (पुंगळी मापात दाबणं), मँड्रेल, सीटिंग (गोळी बसवणं), सगळ्या डाय कायम लावून ठेवता येतात. दोन कॅलिबर वापरणाऱ्याला ही मोठी सोय. ताकद लागते तेव्हा फिरतं डोकं किंचित उचललं जातं. डायल गेज लावलं की दिसतं. हा उचल दर वेळी सारखा असेल तर काहीच बिघडत नाही, कारण डाय त्याच हिशेबाने लावलेली असते. बिघडतं ते एका पुंगळीला जास्त वंगण आणि दुसरीला कमी लागलं तर, किंवा पितळाचा कडकपणा वेगवेगळा असेल तर. टरेटवर ही शिस्त सिंगल-स्टेजपेक्षा काटेकोर पाळावी लागते.

लीचा चार भोकांचा क्लासिक टरेट पिस्तुलासाठी छान. त्याची चकती मुद्दाम सैल ठेवलेली आहे. मॅच रायफलीचं साइझिंग त्यावर करू नये असं आमचं मत.

प्रोग्रेसिव्ह

प्रोग्रेसिव्ह प्रेस एकाच फटक्यात अनेक पुंगळ्यांवर वेगवेगळी कामं करतो. हाय-पॉवरवाल्यांचा हिशेब वेगळा. २००, ३०० आणि ६०० यार्डांवर मिळून ५० फैरींची नॅशनल मॅच कोर्स, आणि तिच्यासाठीचा सराव त्याच्या कितीतरी पट. इथे डिलनचा आरएल ५५० (चार स्थानकं, पुंगळ्या धरणारी चकती हाताने फिरवायची) किंवा एक्सएल ७५० (पाच, आपोआप फिरते) वेळ वाचवतो. कामाची पद्धत मात्र दोन फेऱ्यांची ठेवावी. पहिल्या टूलहेडवर (डाय लावलेल्या, बदलता येणाऱ्या वरच्या पट्टीवर) फक्त प्रायमर काढणं आणि साइझिंग. मग वंगण धुणं, लांबी तपासून कापणं. दुसऱ्या टूलहेडवर प्रायमर, दारू, गोळी.

दोन दोष लक्षात ठेवावेत. सगळी स्थानकं भरलेली असताना चकतीवर जो दाब असतो, तो पहिल्या आणि शेवटच्या काही फटक्यांत नसतो, म्हणून त्या काडतुसांत खांदा किंवा गोळीची खोली एखाद-दोन थाऊने वेगळी येते. ती वेगळी काढून सरावाला वापरावीत. दुसरा दोष दारूच्या मापाचा. व्हर्गेटसारखी काड्यांची दारू मापात कापली जाते आणि वजन दशांश-दोन दशांश ग्रेन (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) इकडेतिकडे होतं. २०० यार्डांना चालून जातं. ६०० यार्डांना वेगातला फरक उभ्या रेषेत पसरलेला दिसतो. त्या अंतराची दारू तोलूनच घालावी. ५५० वर चकती फिरवायला विसरलं तर एकाच पुंगळीत दुहेरी दारू पडू शकते. रायफलीत ती बहुधा ओसंडते आणि कळते, पिस्तुलाच्या पुंगळीत मावून जाते. गोळी ठेवण्याआधी प्रत्येक पुंगळीत डोकावून बघायचंच.

मग घ्यावा कोणता

एफ-टीआरसाठी (एफ-क्लासचा .२२३ आणि .३०८ पुरता उपप्रकार) .३०८, महिन्याला दीडदोनशे काडतुसं: को-ॲक्स, नाहीतर रॉक चकर आणि कॉम्पिटिशन होल्डर. दोन-तीन कॅलिबर असतील तर टी-७. .२२३ ची महिन्याला पाचशेच्या वर लागत असतील तर डिलन ५५०, आणि ६०० यार्डांच्या काडतुसांसाठी जोडीला एक साधा सिंगल-स्टेज. गोळी बसवण्यासाठी विल्सनची हँड डाय आणि लहान आर्बर प्रेस (सरळ खाली दाबायचा छोटा प्रेस) कुणालाही उपयोगी. गोळी मानेत जाताना किती जोर लागतो ते हाताला कळतं. ६ पीपीसी काडतूस वापरणारे बेंचरेस्ट (टेबलावर रायफल टेकवून मारणारे) नेमबाज तो थेट रेंजवर नेतात. फुल-लेंथ साइझिंगची (सबंध पुंगळी दाबण्याची) अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये.

प्रेस आला की बोल्ट वर्कबेंचच्या फळीतून आरपार घालून खालून लोखंडी पट्टी द्यावी. नुसते लाकडी स्क्रू लावले तर थोड्याच दिवसांत प्रेस डुलू लागतो.

मग चाचणी. एकाच लॉटच्या, त्याच रायफलीतून उडवलेल्या दहा पुंगळ्या घ्याव्यात. साइझ करून कम्पॅरेटरने (बुडापासून खांद्यापर्यंतचं अंतर मोजणाऱ्या साधनाने) खांदा मोजावा; सगळ्या एका थाऊच्या आत याव्यात. जास्त फरक दिसला तर आधी वंगण सारखं करावं, मग फटक्याच्या टोकाला दोन-तीन सेकंद थांबून बघावं, आणि तरीही फरक राहिला तर पुंगळ्या ॲनील कराव्यात (तापवून मऊ कराव्यात), कारण कडक झालेलं पितळ कमी-जास्त परत उसळतं. नंतर गोळ्या बसवून रनआउट पाहावा. तीन थाऊपर्यंत ठीक, दोनच्या आत उत्तम. वाढलेला आढळला तर पुंगळी उडवल्यावर, साइझिंगनंतर, मँड्रेलनंतर आणि गोळी बसवल्यावर असा चार वेळा रनआउट मोजावा. ज्या पायरीला आकडा उडी मारतो, दोष तिथलाच. शेवटच्या पायरीला उडी दिसली आणि गोळीवर बारीक गोल ओरखडा उमटला असेल, तर सीटिंग डायचा स्टेम (गोळीला खाली ढकलणारा दांडा) त्या गोळीच्या आकाराला जुळत नाही. लांब टोकाच्या गोळ्यांसाठीचा वेगळा स्टेम मागवावा; प्रेस बदलायची गरज नाही.