सेल्स टॅक्सचं सॉफ्टवेअर वर्षभर वापरलं: अमेरिकेतल्या छोट्या ऑनलाइन दुकानदारांसाठी रिव्ह्यू

मी न्यू जर्सीत घरूनच साड्या, ब्लाउजपीस आणि इमिटेशन दागिने विकते, थोडे स्वतःच्या साइटवरून आणि बरेचसे एका मोठ्या मार्केटप्लेसवरून. ऑर्डरवर सेल्स टॅक्स मोजून देणारं आणि राज्यांची रिटर्न भरून देणारं एक सॉफ्टवेअर वर्षभर वापरलं, त्याबद्दल लिहितेय. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण पुढे सपोर्टच्या नावाने बोटं मोडणार आहे. पाचपैकी तीन स्टार, आणि ते तिन्ही हिशोबाला. बाकीचं काय ते वाचा.

आधी हे लचांड आलं कुठून ते थोडक्यात, कारण त्याशिवाय हे सॉफ्टवेअर का विकलं जातं तेच कळणार नाही. सुप्रीम कोर्टाच्या १९९२च्या क्विल केसपासून नियम असा होता की ज्या राज्यात तुमचं दुकान, गोडाऊन, माणूस काहीच नाही त्या राज्याचा सेल्स टॅक्स तुम्ही गोळा करायची गरज नाही. म्हणजे टॅक्स माफ होता असं नाही हां, गिऱ्हाइकाने स्वतः यूज टॅक्स म्हणून भरायचा होता, न्यू जर्सीच्या इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये आजही त्याची वेगळी ओळ आहे, पण ती ओळ भरणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही. मग २१ जून २०१८ला साउथ डकोटा राज्य विरुद्ध वेफेअर (ऑनलाइन फर्निचर विकणारी कंपनी) या केसचा निकाल आला, ५ विरुद्ध ४, आणि सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दुकान नसलं तरी चालेल, त्या राज्यात पुरेशी विक्री असली की टॅक्स गोळा करा. साउथ डकोटाने ही लढाई का लढली ते उघड आहे, तिथे राज्याचा इन्कम टॅक्सच नाही, सगळी मदार सेल्स टॅक्सवर. त्यांची मर्यादा होती वर्षाला १ लाख डॉलरची विक्री किंवा २०० ऑर्डरी. बाकीच्या राज्यांनी थोडाफार फरक करून हेच उचललं, फ्लोरिडा २०२१मध्ये आलं आणि मिझुरी सगळ्यात शेवटी जानेवारी २०२३मध्ये. आता राज्याचा सेल्स टॅक्स नसलेली पाचच उरली, ओरेगॉन, मोंटाना, न्यू हॅम्पशायर, डेलावेअर आणि अलास्का, आणि अलास्कातही गावांचा स्थानिक टॅक्स असतोच.

तर सॉफ्टवेअर. हिशोब खरंच चोख करतं, हे मान्य करायलाच हवं. मी मुद्दाम वेगवेगळ्या राज्यांचे पत्ते टाकून टेस्ट ऑर्डरी करून पाहिल्या. ११५ डॉलरची साडी न्यू यॉर्क शहरात पाठवली तर ८.८७५ टक्क्यांनी १० डॉलर २१ सेंट, तीच साडी १०५ला ठेवली तर टॅक्स शून्य, कारण न्यू यॉर्कात ११० डॉलरच्या आतला कपडा माफ आहे आणि त्यावर गेलात की पूर्ण रकमेवर टॅक्स. मॅसॅच्युसेट्समध्ये तसं नाही, तिथे १७५ डॉलरपर्यंत माफ आणि फक्त वरच्या रकमेवर सव्वासहा टक्के, म्हणजे २०० डॉलरच्या साडीवर दीड डॉलरच्या आसपास. पेनसिल्व्हेनियात आणि आमच्या न्यू जर्सीत रोजच्या कपड्यांवर टॅक्सच नाही. सॉफ्टवेअरने यातलं एकही चुकवलं नाही. साडी आणि कानातले एकाच पार्सलमध्ये गेले की शिपिंगचं काय करायचं, यात तर भले भले अडकतात: न्यू जर्सीत साडी माफ आणि कानातले टॅक्सेबल असल्यामुळे शिपिंगचा खर्च त्या प्रमाणात वाटायचा, आणि न्यू यॉर्कात मात्र बिलात एक जरी टॅक्सेबल वस्तू असली आणि शिपिंग एकत्र लावलं असलं तर अख्ख्या शिपिंगवर टॅक्स. हे दोन्ही बरोबर केलं. हातानं करायचं म्हटलं असतं तर मी दर रविवार यातच घालवला असता.

आता गंमत बघा, हिशोब चोख असला तरी तो कशावर लावायचा हे तुम्हीच सांगायचं असतं. प्रत्येक मालाला एक टॅक्स कोड द्यावा लागतो आणि त्या लांबलचक यादीत साडी नावाची गोष्टच नाही. तयार कपडा म्हणायचं की न शिवलेलं कापड? ब्लाउजपीसचं तर त्याहून पुढे, न्यू जर्सीत स्वतःचा कपडा शिवायला घेतलेलं कापड माफ आणि त्याच कापडाची उशी शिवली तर टॅक्स, आता गिऱ्हाईक ब्लाउज शिवणार की उशी हे मला कसं कळणार! ही तक्रार काही माझी एकटीची नाही, वेफेअरच्या निकालात विरोधी मत लिहिताना सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी न्यू जर्सीच्याच लोकरीचं उदाहरण दिलंय, स्वेटर विणायला घेतली तर माफ आणि कलाकुसरीला घेतली तर टॅक्स. शिवाय इलिनॉयमधलं ट्विक्स आणि स्निकर्स या चॉकलेटांचं, ट्विक्समध्ये मैदा आहे म्हणून ते खाद्यपदार्थ आणि स्निकर्समध्ये नाही म्हणून ती कँडी, टॅक्स वेगवेगळा. देशात टॅक्स लावणाऱ्या हद्दी १०,००० च्या वर आहेत आणि छोट्या धंद्यांना हे झेपणार कसं, हा त्यांचा मुद्दा होता. निकालात हरले, पण यादीत साडी शोधताना मला त्यांचंच म्हणणं पटत होतं.

सपोर्टला विचारलं साडी कुठल्या कोडात टाकू. चॅटवर आधी बॉट, मग माणूस, आणि माणसाचं उत्तर असं की आम्ही टॅक्सचा सल्ला देत नाही, तुमच्या सीपीएला, म्हणजे अकाउंटंटला, विचारा. अहो मग मी पैसे कशाचे देतेय? मला त्याचा रागही येतो आणि कारणही समजतं, चूक निघाली तर राज्य मला धरणार, त्यांना नाही, त्यामुळे जबाबदारीची वेळ आली की ते हात वर करतात. फक्त हे विकताना सांगत नाहीत, विकताना सांगतात की सेल्स टॅक्सची काळजी सोडा. शेवटी मी न्यू जर्सीच्या टॅक्स खात्यालाच लेखी विचारलं आणि आलेलं उत्तर जपून ठेवलंय. त्याला एक पैसा लागला नाही.

दुसरी डोकेदुखी म्हणजे नेक्ससचे अलर्ट. नेक्सस म्हणजे तुम्ही त्या राज्यात टॅक्स गोळा करायला बांधील झालात की नाही ते. डॅशबोर्डवर नकाशा दिसतो, राज्यं पिवळी होतात, मग लाल होतात, आणि लाल झालं की शेजारी नोंदणीचं बटण, त्याचे पैसे अर्थातच वेगळे. आता मार्केटप्लेसवरून जे विकलं जातं त्याचा टॅक्स मार्केटप्लेसच कापून भरतो, तसे कायदे आता सेल्स टॅक्स असलेल्या राज्यांत आहेतच. ती विक्री माझ्या मर्यादेत धरायची की नाही हे मात्र राज्याराज्यांत वेगळं आहे, काही धरतात, काही नाही. सॉफ्टवेअरने सुरुवातीला सगळीच धरली आणि मला ओहायो आणि जॉर्जिया पिवळी दाखवली, तिथे २०० ऑर्डरींची अट आहे म्हणून. सेटिंगमध्ये खोलवर जाऊन मार्केटप्लेसची विक्री वेगळी काढली तेव्हा कुठे नकाशा शांत झाला. कॅलिफोर्निया आणि टेक्ससची मर्यादा तर ५ लाख डॉलर आहे आणि न्यू यॉर्कात ५ लाख डॉलर शिवाय १०० हून जास्त ऑर्डरी असं दोन्ही लागतं, माझ्यासारखीला तिथे ऑनलाइन विक्रीने पोचायला सात जन्म लागतील. न्यू यॉर्कात माझी नोंदणी आहे ती क्वीन्समध्ये दिवाळीच्या प्रदर्शनात स्टॉल लावते म्हणून, स्टॉल म्हणजे प्रत्यक्ष हजेरी, तिथे मर्यादेचा प्रश्नच येत नाही. आणि हो, माल मार्केटप्लेसच्या गोडाऊनमध्ये ठेवत असाल तर बऱ्याच राज्यांत तो साठासुद्धा हजेरी धरला जातो, हे आधी बघून घ्या.

फाइलिंग. महिन्याचं सबस्क्रिप्शन वेगळं आणि दर राज्याच्या दर रिटर्नचे पैसे वेगळे. शून्य विक्रीचं रिटर्नही भरावंच लागतं, त्याचेही तेवढेच पैसे. एका तिमाहीत न्यू यॉर्कचा टॅक्स निघाला त्यापेक्षा तो भरायची फी जास्त होती! माझ्या मते या सगळ्या भानगडीत छोट्या दुकानदाराला टॅक्स जड जात नाही, टॅक्स तर गिऱ्हाईक देतं, जड जाते ती भरण्याची मजुरी, आणि मोठ्या कंपनीला हीच मजुरी कळतही नाही. म्हणूनच कितीतरी ओळखीच्या बायकांनी स्वतःची साइट बंद करून सगळा माल मार्केटप्लेसवर टाकला. कमिशन जातं पण टॅक्सचं झंझट नाही. गावातल्या दुकानांना न्याय मिळावा म्हणून हा टॅक्स आणला असं सांगतात आणि त्यात तथ्य आहे, अमेझॉनने टॅक्स घ्यायला सुरुवात केल्यावर तिथली खरेदी जवळजवळ दहा टक्क्यांनी घटली असं ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीतल्या अभ्यासात दिसलं होतं. राज्यांनाही पैसा हवाच होता, २०१७च्या सरकारी अहवालात वर्षाला ८ ते १३ अब्ज डॉलर मिळू शकतील असा अंदाज होता. पण शेवटी मार्केटप्लेस अजून मजबूत झाले आणि मधल्या मध्ये आम्ही पिसलो, हेही लिहून ठेवायला हवं.

गिऱ्हाइकांचं म्हणाल तर कानातल्यांवर टॅक्स दिसला की मेसेज येतोच, "ताई, टॅक्स का लावला, साडीवर तर नव्हता". त्यासाठी चेकआउटवर दोन ओळींची सूचना टाकायची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि ती चांगली आहे, मेसेज बरेच कमी झाले.

कोणी घ्यावं? फक्त न्यू जर्सीत टॅक्स गोळा करायचा असेल तर अजिबात नको, राज्यभर एकच दर, ६.६२५ टक्के, तो तुमच्या साइटच्या सेटिंगमध्ये एकदा टाकला की झालं आणि तिमाही रिटर्न राज्याच्या साइटवर फुकट भरता येतं. कोलोराडोसारख्या राज्यात राहत असाल, जिथे मोठी शहरं आपापला टॅक्स स्वतः वसूल करतात आणि झिप कोडवरून नीट दर कळत नाही, तर मात्र जरूर घ्या. पाच-सहा राज्यांत मर्यादा ओलांडली असेल तर आधी स्ट्रीमलाइन्ड सेल्स टॅक्सची, म्हणजे काही राज्यांनी मिळून केलेल्या सामाईक व्यवस्थेची, नोंदणी बघा, त्यात २४ राज्यं आहेत, एकाच अर्जात नोंदणी होते, आणि जिथे तुमची प्रत्यक्ष हजेरी नाही त्या सदस्य राज्यांसाठी ठरावीक कंपन्या हिशोब आणि फाइलिंग फुकट करून देतात, त्यांचे पैसे राज्यं देतात. कॅलिफोर्निया, टेक्सस, फ्लोरिडा, न्यू यॉर्क ही मोठी चार त्यात नाहीत. हा पर्याय सेल्सवाल्याने मला एकदाही सांगितला नाही.

मी आता फाइलिंगचा प्लॅन बंद करून फक्त हिशोबाचा ठेवलाय, न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीची रिटर्न स्वतःच भरते. प्लॅन बदलायच्या आधी जुने सगळे रिपोर्ट डाउनलोड करून घ्या, न्यू जर्सीत ४ वर्षांचे कागद ठेवावे लागतात आणि खालच्या प्लॅनवर गेलात की मागच्या वर्षाचे रिपोर्ट दिसेनासे होतात. ऑटो-रिन्यू बंद करायचं बटण बिलिंगमध्ये नाही, प्रोफाइलमध्ये आहे.