‘बोरोसिलिकेट’ बरण्या, ‘ऑक्सिजन पावडर’ आणि आमचे 25,900 रुपये

आकडा आधीच लिहिते, कारण कुणालाही सांगायला गेलं की पहिला प्रश्न "किती गेले?" आणि दुसरा "एवढेच ना?" एवढेच नाहीत. मी आणि माझी जाऊ ठाण्यातल्या नौपाड्यातल्या घरी कोंबुचा (साखरेचा चहा आंबवून केलेलं पेय) आणि जांभळाचा सिरका करतो, ओळखीत आणि सोसायट्यांच्या स्टॉलवर विकतो. त्या धंद्यात 25,900 म्हणजे एका सीझनची कमाई.

हिशेब असा. ‘बोरोसिलिकेट’च्या, म्हणजे उष्णतेला न तडकणाऱ्या काचेच्या, 20 लिटरच्या रुंद तोंडाच्या सहा बरण्या, 2,850 रुपयांची एक, म्हणजे 17,100. ‘ऑक्सिजन क्लीनर’ पावडर पाच किलो, 740 रुपये किलोने 3,700. ‘नो-रिन्स सॅनिटायझर’च्या दोन बाटल्या, 3,900. आणि 1,200 ‘ब्रेकेज डिपॉझिट’, जे माल पोचल्यावर परत मिळणार होते. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. इन्स्टाग्रामचं पान, खाली कौतुकाच्या कमेंटी, भिवंडीच्या गोडाउनचे फोटो, अर्धे पैसे आधी, उरलेले गाडी निघताना, "ताई, तुम्ही घरगुती उद्योग करताय म्हणून तुमच्यासाठी हा रेट". माल आला, डिपॉझिट मागितलं, नंबर बंद, पानाचं नाव बदललं.

पण हा माणूस नुसता थापाड्या नव्हता. त्याला या कामातली माहिती होती, आणि मला आजही सगळ्यात जास्त चीड त्याचीच येते. तो सांगायचा की आधी धुवायचं आणि मग निर्जंतुक करायचं, कारण घाणीचा थर राहिला तर त्याच्याखाली जंतू सुखाने जगतात. बरोबर आहे. काचेला तारेचा ब्रश लावू नका, ओरखड्यातून काच तडकते. हेही बरोबर. आम्लाचं सॅनिटायझर लिटरला दीड मिली, दोन मिनिटं, मग फेस तसाच राहू द्या, धुऊ नका. खऱ्या फॉस्फरिक आम्लाच्या सॅनिटायझरची वापरायची पद्धत हीच आहे. शंभर खऱ्या गोष्टींत तीन खोट्या पेरल्या होत्या, आणि त्या तीनच आम्ही विकत घेतल्या.

आता तो क्षण. व्हिडिओ कॉलवर त्याने पावडरचा डेमो दिला. काचेच्या ग्लासात पाण्यासारखं काहीतरी, त्यात चमचाभर पावडर, आणि क्षणात फेस ग्लासाबाहेर. "बघा ताई, ऑक्सिजन!" खरा ऑक्सिजन क्लीनर म्हणजे सोडियम परकार्बोनेट, आणि ते असं वागतच नाही. ते पाण्यात विरघळून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा वेगळे होतात, बारीक बुडबुडे येत राहतात, गरम पाण्यात जरा जोरात. ग्लास उतू जात नाही. क्षणात उसळतो तो व्हिनेगरमध्ये टाकलेला सोडा. आणि त्याच्या टेबलाच्या कडेला लेबल काढलेली एक बाटली उभी होती. ती मला दिसली होती. जावेलाही दिसली होती. ग्लासात साधं पाणी आहे असं तो तोंडाने म्हणत होता, आम्ही त्याच्या तोंडाकडे बघत होतो. समोरचा माणूस पाणी म्हणून व्हिनेगर ओतेल असा संशय घेऊन कोण खरेदी करतं? आम्ही बिल मागितलं, पत्ता मागितला, जीएसटी नंबर मागितला. सगळं मिळालं. बिलावरचा नंबर दुसऱ्याच कुठल्यातरी दुकानाचा निघाला. कुणी "एवढ्या शिकलेल्या तुम्ही" म्हणालं की डोकं फिरतं. शिकलेल्या माणसाला पटेल अशीच ती रचना होती.

पहिली बरणी फुटली तेव्हा जाऊ शेजारीच उभी होती. बोरोसिलिकेट आहे, उकळतं पाणी चालेल, असं त्याने लिहून दिलं होतं, तरी आम्ही आधी कोमट पाण्याने बरणी शेकून घेतली होती. बूड गोल कापल्यासारखं सुटलं आणि पाणी तिच्या पायावर. डॉक्टरचे आणि मलमपट्टीचे 2,150 रुपये. तुकडा ग्लिसरीनमध्ये बुडवून बघितला तर कडा स्पष्ट दिसत होत्या. बोरोसिलिकेट ग्लिसरीनमध्ये जवळजवळ दिसेनासं होतं, कारण दोघांतून प्रकाश सारखाच वळतो. ही साधी काच होती. साधी काच उष्णतेने बोरोसिलिकेटच्या जवळपास तिप्पट प्रसरण पावते, म्हणून तिला तडे जातात. 20 लिटरची बोरोसिलिकेट बरणी 2,850 ला कशी, असं विचारणाऱ्यांना सांगते, आम्हीही विचारलं होतं. "काचेत बुडबुडा राहिलेला सेकंड माल आहे ताई," हे उत्तर होतं, आणि बरण्यांत खरोखरच बुडबुडे होते.

मग कोंबुचावर बुरशी आली. कोरडे, निळसर हिरवे ठिपके, वरच्या पापुद्र्यावर. एका बरणीत नाही, सगळ्या. ओतून दिलं, पापुद्र्यासकट. ऑर्डरचे घेतलेले 4,320 रुपये परत केले. बीएस्सी करणाऱ्या भाचीने पावडर कोमट पाण्यात कालवून त्यात कच्च्या बटाट्याची फोड टाकली. पेरॉक्साइड असतं तर बटाट्याभोवती फेस धरला असता. काही झालं नाही. जांभळी नाक्याच्या कुठल्याही दुकानात मिळतो तो धुण्याचा सोडा आम्ही 740 रुपये किलोने घेतला होता. सॅनिटायझरला पीएचची, म्हणजे आम्ल किती आहे ते दाखवणारी, पट्टी लावली. मिसळलेलं पाणी 3 च्या खाली जायला हवं, पट्टी 7 च्या आसपास राहिली. भांडी घासायचा साबण, रंग घालून. आणि तो फेस "तसाच राहू द्या" म्हणून आम्ही खायच्या वस्तूच्या बरण्यांत ठेवला होता!

पोलिस चौकीत काय झालं ते ऐका. "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली, दिवाणी मामला आहे." काच काय, सोडा काय, हे सांगायला लागले तर साहेब मोबाइलकडे बघत होते. मग बरण्यांचा फोटो बघून प्रश्न आला, "मॅडम, घरी दारू गाळता का?" तक्रार करायला आलेल्या बाईला! कोंबुचा म्हणजे चहा आणि साखर आंबवून केलेलं पेय, हे समजावण्यात वेळ गेला आणि माझा अर्ज टेबलावर तसाच. पुरावा आणा म्हणाले. जाऊ दुखऱ्या पायाने रिक्षात बरणी मांडीवर घेऊन आली, तर "हे ठेवायला जागा नाही". सायबरकडे जा म्हणाले. सायबरवाले म्हणाले, ओटीपी दिला नाही, तुम्ही स्वतः पैसे पाठवलेत, चौकीतच जा. बँकेत तेच, "व्यवहार तुमच्या संमतीने झालाय". संमती बोरोसिलिकेटला दिली होती, साबणाच्या पाण्याला नाही! खोटं सांगून माल विकणं म्हणजे फसवणूकच, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 त्यासाठीच आहे. हे मी बोलून दाखवलं तर "मग तुम्हीच करा तपास" असं उत्तर. पोच सुद्धा दिली नाही. 2,000 चा मोबाइल हरवला तर एक कागद मिळतो, आम्हाला तोही नाही.

तेव्हा अर्ज दोन प्रतींत न्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. पैसे गेल्याचं कळताच आधी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन, मग बाकी सगळं. पहिले काही तास महत्त्वाचे. व्हिडिओ कॉलचा स्क्रीन रेकॉर्ड करा, आमच्याकडे तो नाही. डिपॉझिट शब्द आला की फोन ठेवा. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. मुदत दोन वर्षं. आमची तक्रार तिथे गेली आहे, 32,370 रुपयांची, पायाच्या खर्चासकट.

अशा बरण्या ज्यांनी आधीच घेतल्यात त्यांनी त्यात गरम पाणी ओतू नका. ओली बरणी गळ्याला धरून उचलू नका, खाली हात घाला. पावडरवर बटाट्याची फोड, सॅनिटायझरवर पट्टी, आजच. आणि तुमच्याही बिलावर दुसऱ्याच दुकानाचा जीएसटी नंबर असेल तर बिल फेकू नका, आयोगात जोडायला आम्हाला त्याची प्रत हवी आहे.