अकाउंटंट असून फसलो: बायोडेटापायी गेलेले 25,370 रुपये

आधी आकडा सांगतो, म्हणजे 'किती गेले, किती गेले' असं कुणी विचारायला नको. 1,770, मग 3,540, मग 5,900, मग 11,800, आणि अर्धं-निम्मं कळून चुकल्यावर वर आणखी 2,360. एकूण 25,370, नोकरी लावतो म्हणणाऱ्यांच्या घशात. बेरीज बरोबर आहे, तो माझा धंदाच आहे. सतरा वर्षं मी लोकांचे हिशेब लिहितोय, बिलं तपासतोय. आणि माझ्याच नावावर आलेलं पहिलं बिल बोगस आहे हे डोळ्यांना दिसत असताना मी पैसे भरत गेलो. म्हणून तर हे लिहायला दोन महिने लागले. थोरल्या भावाला अजून पत्ता नाही.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी अकाउंट्स बघत होतो. ऑर्डरी घटल्या, मालकांनी दोघांचं काम एकावर टाकलं आणि मला नारळ दिला. वय 44. वाटलं, उद्यमनगर आहे, गोकुळ शिरगाव आहे, कागलची पंचतारांकित वसाहत आहे, हिशेबाला माणूस कुठं लागत नाही? चार महिन्यांत कळलं, लागतो, पण पंचविशीतला लागतो आणि 14 हजारांत लागतो. मुलगी बारावीला. म्हणून तिच्याकडूनच दोन-तीन जॉब पोर्टलवर बायोडेटा टाकून घेतला. माझा बायोडेटा म्हणजे वर नाव-पत्ता, खाली शिक्षण, अनुभव, शेवटी 'वरील सर्व माहिती खरी आहे' आणि सही. पोरगी हसली होती. मला तेव्हाही त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

फोन आला तेव्हा मी गिरणीत होतो. ज्वारीचा डबा नंबराला लावलेला, आतल्या आवाजात काही ऐकू येईना म्हणून बाहेर रस्त्यावर आलो. स्क्रीनवर पिठाची बोटं उमटलेली. पलीकडे बाई, आणि बोलणं स्वच्छ मराठीत. हे मुद्दाम सांगतोय. हिंदीतून 'सर, लोन चाहिए क्या' आलं की आपण फोन कट करतो, हाताला सवयच लागलीय. मराठी ऐकलं की हात थांबतो. "सर, आपलं प्रोफाइल आमच्या टीमनं शॉर्टलिस्ट केलंय. पुण्याजवळच्या एका मोठ्या कंपनीत सीनियर अकाउंटंटची जागा आहे. पण आपल्या रेझ्युमेचा एटीएस स्कोअर फक्त 31 आहे, सर. शंभरपैकी."

चार महिन्यांत मला 'सर' म्हणणारी ती पहिलीच.

आता एटीएस, म्हणजे अॅप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टिम, ही काही थाप नाही. अर्जांचा ढीग चाळायला मोठ्या कंपन्या असलं सॉफ्टवेअर खरंच वापरतात. थाप पूर्ण खोटी असती तर मी फसलो नसतो, असं मी स्वतःला सांगत असतो. बाईंनी जे सांगितलं नाही ते हे, की प्रत्येक कंपनीचं सॉफ्टवेअर वेगळं, त्या जागेसाठी काय शोधायचं ते कंपनी ठरवते, आणि सगळीकडे चालेल असा एकच स्कोअर कुठंच नसतो. 31 हा आकडा बाईंच्या तोंडातून आला होता, मशिनमधून नव्हे. 48 असता तर मी कदाचित पैसे भरले नसते. त्यांना ते माहीत असणार.

रेझ्युमे नव्यानं लिहून देण्याचे 1,500 अधिक जीएसटी, म्हणजे 1,770. संध्याकाळी भरले. दुसऱ्या दिवशी रेझ्युमे आला. निळी पट्टी, गोल फोटो, दोन कॉलम, आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरपुढे पाचपैकी चार चांदण्या. सतरा वर्षं टॅलीवर काढली आणि पाचवी चांदणी कुणी कापली म्हणून मला राग आला होता, खरं सांगतो. राग यायला हवा होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. नंतर मुलीनं त्या फाइलमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकला, तर माझी बी.कॉम.ची डिग्री पत्त्यात घुसलेली आणि अनुभवाच्या ओळी चांदण्यांच्या मधे. दोन कॉलम, चौकटी, चित्रं असली की मशिनचा असाच गोंधळ होऊ शकतो. म्हणजे 31 वरून 'वाढवून' दिलेला रेझ्युमे माझ्या सहीवाल्या जुन्या दोन पानांपेक्षा वाईट होता. तुमचा तयार करून घेतला असेल तर आजच नोटपॅडमध्ये टाकून बघा, फुकट आहे.

आणि आता ते बिल.

रेझ्युमेबरोबर पीडीएफमध्ये टॅक्स इन्व्हॉइस आलं. वर पत्ता पुण्याचा. त्याखाली जीएसटी नंबर, आणि तो 07 नं सुरू होणारा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचा 27. 07 म्हणजे दिल्ली. मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. बरं, असेल दिल्लीची कंपनी, तर मग कोल्हापूरच्या माणसाला आयजीएसटी, म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकताना लागतो तो, लावायला हवा, 18 टक्के एकरकमी. यांनी लावलं होतं सीजीएसटी 135 आणि एसजीएसटी 135, जे राज्यातल्या राज्यात लागतात. अशी चूक करणाऱ्या सप्लायरचं बिल मी फाउंड्रीत असताना लाल पेननं गोल करून परत पाठवत होतो. एकदा तर इचलकरंजीच्या एका माणसाशी एवढ्याचवरून भांडलोय. इथं माझी नजर त्या 07 वर गेली, थांबली, आणि मी मनात काय म्हणालो? 'हेड ऑफिस दिल्लीला असेल, पोरानं टाइप करताना चुकवलं असेल.' समोरच्याची बाजू मीच मांडली, फीसुद्धा न घेता. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता कुणाचाही नंबर तपासता येतो. मिनिटभराचं काम. नऊ दिवस मी ते केलं नाही, कारण उत्तर मला नको होतं.

पुढचं तुम्हाला माहीतच असेल, या सगळ्यांची रीत एकच. 'प्रोफाइल हायलाइट' 3,540. 'कागदपत्र पडताळणी' 5,900, त्यासाठी आधार, पॅन आणि कॅन्सल चेक व्हॉट्सअॅपवर. मधे एका 'एचआर मॅनेजर'नं फोनवर इंटरव्ह्यू घेतला, जेमतेम सात मिनिटं. डेबिट नोट कधी काढतात असं विचारलं. उत्तर देताना मी उभा राहिलो होतो, घरात, बनियनवर. मग ऑफर लेटर, महिना 46,000. आणि रुजू होण्याआधी 'परतावा मिळणारी' अनामत, 10,000 अधिक जीएसटी, 11,800.

अनामतीवर जीएसटी! परत द्यायची अनामत सेवेचा मोबदला म्हणून वळती करत नाहीत तोपर्यंत तिच्यावर जीएसटी लागत नाही. कायद्यात लिहिलंय, मी स्वतः मालकांना समजावून सांगितलंय. या वेळी मात्र मी विचारलं. बाई म्हणाल्या, "सर, नवीन नियम आलाय." आणि मी गप्प बसलो, कारण 46,000 चं पत्र समोर होतं आणि नवीन नियम सारखेच येत असतात. पैसे पाठवताना यूपीआयवर कंपनीच्या जागी एका माणसाचं नाव दिसलं. तेही विचारलं. "आमचे अकाउंट्स मॅनेजर." म्हणजे माझ्यासारखाच कुणीतरी, असं वाटून बरंच वाटलं.

ते 11,800 बायकोच्या भिशीचे होते. "अहो, नोकरी लागायला आधी पैसे द्यायला लागतात व्हय?" एवढंच ती म्हणाली. मी म्हणालो, तुला आजकालचं काही कळत नाही. हे वाक्य रोज आठवतं.

नवव्या दिवशी बाईंचा नंबर लागेना. मी त्या पुण्याजवळच्या कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून फोन केला. तो पहिल्याच दिवशी करायला हवा होता. ऑपरेटरनं नाव ऐकायच्या आधीच विचारलं, "ऑफर लेटरबद्दल का?" त्यांच्या वेबसाइटवर करिअरच्या पानावर इशाराच लावलाय की आम्ही नोकरीसाठी पैसे घेत नाही. ऑफर लेटरमधला लोगो बरोबर, पण ज्या ईमेलवरून ते आलं त्यात कंपनीच्या नावापुढे 'करिअर्स' जोडलेलं. त्याच संध्याकाळी दुसऱ्या नंबरवरून फोन, 'आपली केस रिफंडला टाकलीय, प्रोसेसिंगचे 2,360 भरा'. भरले. का भरले ते विचारू नका.

रात्री 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. लागायला वेळ लागतो, लावत राहा. प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक विचारतात, तो आधी लिहून ठेवा. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत केलात तर पुढच्या खात्यात गोठवायची संधी असते. माझे पहिले तीन हप्ते कधीच गंगेला मिळाले होते. सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवरही तक्रार टाकली, पावती क्रमांक आला. तो क्रमांक आणि मी, आम्ही दोघंच या प्रकरणात गंभीर आहोत.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेलो. कुठल्या ते लिहीत नाही, पुन्हा जायचंय. घर शिवाजी पेठेत, बँकेची शाखा राजारामपुरीत. साहेब म्हणाले, बँक जिथं तिथं जा. तिथले म्हणाले, राहता तिथं जा. तिसऱ्याने विचारलं, "पहिला फोन आला तवा कुठं हुता?" म्हटलं, गिरणीत. "मग गिरणी कुणाच्या हद्दीत येतीया ते बघायला पाहिजे." मी हसलो, मला वाटलं विनोद आहे. तो विनोद नव्हता. 1 जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिच्या कलम 173 मध्ये चक्क लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची. मी प्रिंट नेली होती. ती टेबलावर ठेवली, तर त्यावर चहाचा कप आला.

"काम काय करतासा?"

"अकाउंटंट."

"आणि पैसे तुमीच पाठवलासा न्हवं?"

आजूबाजूचे चौघं हसले. त्यातला एक तर माझ्यासारखाच तक्रार घेऊन आलेला होता. शेवटी साध्या अर्जावर पोच म्हणून शिक्का मिळाला, तोही बँकेचं शिक्क्याचं स्टेटमेंट आणल्यावर. बँकेत तीन चकरा. पहिल्या दिवशी सर्व्हर डाऊन, दुसऱ्या दिवशी शिक्का असलेल्या मॅडम रजेवर. मॅनेजर म्हणाले, पिन तुम्हीच टाकलाय, हा अनधिकृत व्यवहार नव्हे, आम्ही काही करू शकत नाही. दुर्दैवानं ते खरं आहे. तीन दिवसांत कळवलं की बँक भरून देते, असं जे सगळे सांगतात ते तुमच्या नकळत पैसे गेले तर. स्वतःच्या अंगठ्यानं पाठवलेल्यांना नाही. स्टेटमेंटचे 118 रुपये घेतले. त्यावरचा जीएसटी मात्र बरोबर लावला होता.

ग्राहक आयोगाचाही विचार केला. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी लागत नाही, पण नोटीस पाठवायची कुठं? पुण्याच्या पत्त्यावर भाच्याला पाठवला होता, तिथं झेरॉक्सचं दुकान आहे. 18 ऑगस्ट 2025 ला हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, तेव्हा मीही पेढे खाल्ले होते. न्याय दारात आला म्हणाले सगळे. असेल. 25,370 वाल्यांचा न्याय अजून गिरणीची हद्द शोधतोय.

एक गोष्ट पैशापेक्षा जास्त टोचतेय, ती कागदपत्रांची. आधार, पॅन, सहीचा चेक, सगळं त्यांच्याकडे. तुमचंही गेलं असेल तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. क्रेडिट ब्युरोंकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो काढून बघत जा, कुठं कर्ज निघालंय का. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते दिसतं. माझ्या नावावर तीन दिसली, पैकी एक मला आठवेना. ते बायकोचं जुनं निघालं, पण ती रात्र गेली ती गेलीच.

आणि नोकरीसाठी नाव नोंदवायचंच असेल तर केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस आणि राज्याचं महास्वयंम आहे, दोन्हीकडे नोंदणीला पैसा लागत नाही. तिथं लगेच नोकरी लागते असं मी म्हणत नाही. मला लागली नाही. सध्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपचे हिशेब अर्धा दिवस बघतो. ओळखीनं मिळालं, बायोडेटा कुणी मागितला नाही.

मागच्या आठवड्यात परत एक फोन, या वेळी 'सायबर सेलमधून'. तुमची रक्कम सापडलीय, सोडवायला 999 भरा. माझा पोर्टलवरचा तक्रार क्रमांक त्याला तोंडपाठ होता. तो त्याच्यापर्यंत कसा गेला, हे मी ठाण्यात जाऊन विचारलं. म्हणाले, वेगळा अर्ज द्या.

तो दिलाय. 07 चं ते बिल, पत्ता पुण्याचा, खाली सीजीएसटी-एसजीएसटी नऊ-नऊ टक्के, असं कुणाला आलं असेल तर रक्कम लहान म्हणून गप्प बसू नका. 1930 ला कळवा आणि पैसे ज्या यूपीआय आयडीवर गेले तो अर्जात लिहा. एकाच खात्यावर दहा तक्रारी दिसल्या तर हद्दीचा प्रश्न विचारणं त्यांनाही जड जाईल.