चायनीज बुफे की मेन्यूवरून ऑर्डर? चौघांचा हिशेब

सांगलीत विश्रामबागला किंवा मिरज रोडला चौघं चायनीज खायला निघालात, तर बुफे परवडेल की नाही हे एकाच गोष्टीवर ठरतं: तुमच्या टेबलावर स्टार्टर किती संपतात.

समजा बुफे माणशी ४९९. चौघांचे १,९९६ आणि ५ टक्के जीएसटी, म्हणजे २,०९६ रुपये. तेच मेन्यूवरून मागवलं तर दोन सूप वन बाय टू करून २४०, दोन स्टार्टर ५२०, फ्राइड राइस आणि हक्का नूडल्स मिळून ४४०, एक ग्रेव्ही २८०. जीएसटी धरून १,५५४. एवढ्यात चौघांचं पोट नीट भरतं. आणखी दोन स्टार्टर घेतले की बिल २,१०० होतं, बुफेच्या बरोबरीला. म्हणजे चारपेक्षा जास्त प्लेट स्टार्टर संपवणार असाल तरच बुफे घ्या. तुमच्या हॉटेलचे दर घालून हाच हिशेब करा. सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो देणं सक्तीचं नाही, काढून मागा.

लॉलीपॉपवर ताव मारणाऱ्या कॉलेजच्या पोरांसाठी बुफेच बरा. आजी-आजोबा सूप आणि चार घास भातावर उठणार असतील, तर त्यांचे पूर्ण पैसे कशाला भरायचे? शिवाय बीपी असेल तर मेन्यूवरून मागवताना सोया आणि मीठ कमी घालायला सांगता येतं. बुफेत ती सोय नाही.

बुफेत खरी अडचण चवीची. मंचुरियनचं कॉर्नफ्लोअरचं आवरण झाकलेल्या भांड्यातल्या वाफेने थोड्याच वेळात मऊ पडतं, नूडल्सचा गोळा होतो. म्हणून बुफे सुरू होतानाच पोचा, ट्रे नुकताच भरलेला दिसला की तेव्हाच वाढून घ्या, तेही दोन-तीन तुकडेच. लाइव्ह काउंटर असेल तर नूडल्स तिथूनच घ्या. आधी वाडगाभर सूप आणि कोल्ड्रिंक पोटात गेलं की स्टार्टरला जागाच उरत नाही. पोट भरल्याचं कळायला साधारण वीस मिनिटं लागतात, तेव्हा पहिल्या फेरीतच ताट भरू नका.

भाताच्या बाबतीत मात्र अजिबात तडजोड नको. गरम ठेवलेलं अन्न ६० अंशांच्या वर हवं. कोमट भातात बॅसिलस सिरियस हा जंतू वाढतो, आणि त्याचं उलट्या करवणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. वाफ नसलेला फ्राइड राइस सरळ सोडून द्या आणि ताजा मागा.

शाकाहारी असाल तर तळणीचं तेल आणि चिमटे वेगळे आहेत का, हे दोन्हीकडे विचारावं लागतं.

आणि पार्सल. बुफेतलं सहसा घरी नेऊ देत नाहीत, काही ठिकाणी ताटात टाकलेल्याचे वेगळे पैसे घेतात. मेन्यूवरून मागवलेलं उरलं तर बांधून घ्या आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा.