कोंबडीचा चष्मा वापरून बघितला, पाचपैकी साडेतीन स्टार

कोंबडीला चष्मा म्हटल्यावर गल्लीतली पोरं हसत्यात, मोबाईल बघून डोळं गेलं काय म्हणून विचारत्यात, पण ज्याच्या खुराड्यात दादागिरी चालू आहे त्यालाच ह्याची गरज कळते. प्लॅस्टिकचा छोटा लाल तुकडा असतो, चोचीवर बसवून दोन्ही नाकपुड्यांत अडकवायचा. कोंबडीला समोरचं दिसत नाही, बाजूचं आणि खालचं दिसतं, म्हणजे खाता येतं पण नेम धरून दुसरीला टोचता येत नाही.

आमच्याकडं कोल्हापूरजवळ कळंब्याला घरामागं गावरान आणि आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड जातीच्या) कोंबड्या एकत्र आहेत, त्यात नंतर कडकनाथच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, आणून सोडल्या आणि एक आरआयआर त्यांच्या मागंच लागली. खाद्याजवळ येऊ देईना, पाठीची पिसं उपटून काढली. थोडीफार टोचाटोची चालायचीच, कोंबड्यांत पहिली कोण दुसरी कोण हे ठरलेलं असतं, नॉर्वेच्या शेल्डेरुप-एब्बे नावाच्या शास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात हे अभ्यास करून मांडलंय आणि आमची आजी ते न शिकताच सांगायची. पण रक्त दिसलं की खेळ वेगळा होतो, लाल दिसलं की बाकीच्या पण तिथंच चोच मारायला लागतात, मग जीव जातो. म्हणून जखमी तलंग आधी बाजूला काढली, जखमेला जांभळं औषध लावलं, त्यानं लाल रंग पण झाकतो.

आता चष्म्याचं. बसवायला दोघं लागतात, एकानं कोंबडी टॉवेलात गुंडाळून धरायची, दुसऱ्यानं पक्कडीनं चष्म्याची टोकं जरा फाकवून अडकवायची. जास्त फाकवला की मोडतो, प्लॅस्टिक काय लई भारी नाही, एक स्टार तिथंच गेला. त्या टोचणाऱ्या आरआयआरला बसवल्यावर ती डोकं झटकत मागं मागं चालत राहिली, रात्री दांडीवर उडी मारायला जमेना म्हणून उचलून बसवावी लागली. नंतर सरावली. खाद्याचं भांडं अरुंद असलं तर चष्मा काठाला आपटतो, पसरट परात ठेवा. फक्त टोचणारीलाच घालायचा बरं का, मार खाणारीला घातला तर समोरनं कोण येतंय तेच तिला कळणार नाही.

लक्ष्मीपुरीकडं एका दुकानात मला पिनवाला चष्मा गळ्यात मारत होते, "सारखंच की ओ" म्हणून. अजिबात सारखं नाही! ती पिन नाकाच्या मधल्या पडद्यातनं आरपार घालायची असते, ब्रिटनमध्ये त्याला बंदी आहे. तसलं घेऊ नका. चोच कापा म्हणणारे पण भेटतील, चोचीच्या टोकाला नसा असतात, घरच्या चार कोंबड्यांसाठी कशाला तो प्रकार.

चष्म्यानं टोचणं थांबलं, पण तिची अक्कड उतरली ती तिला थोडे दिवस नजरेआड वेगळी ठेवल्यावर. परत सोडली तेव्हा बाकीच्यांनी आपापलं ठरवून घेतलेलं, हिला खालनं सुरुवात करावी लागली. आणि जागा कमी असंल तर चष्मा काय आणि काय, खुराड्यात एका कोंबडीला ४ चौरस फूट आणि बाहेर फिरायला १० तरी धरा, खाद्याची भांडी दोन ठिकाणी ठेवा म्हणजे एकीला दोन्हीवर राज्य करता येत नाही. नुसता मका आणि उरलेला भात घालत असाल तर लेअर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) चालू करा, १६ टक्के तरी प्रोटीन पाहिजे, कमी पडलं तरी एकमेकींची पिसं खातात.

आरआयआर किंवा त्याहून थोराड कोंबडी असंल तर घ्या. गावरानवाल्यांनी पैसे घालू नका, चोच बारीक असते, चष्मा नीट धरत नाही, तासाभरात भुश्श्यात पडलेला सापडतो.