भट्टी आलीच नाही, 53,750 रुपये मात्र गेले

लिहायची लाज वाटते, तरी लिहिते. अकरा वर्षं माती मळतेय आणि मला भट्टीच्याच नावाखाली गंडवलं. गंडवणाऱ्याला भट्टीतलं ओ की ठो कळत नव्हतं, हे जास्त झोंबतं.

आम्ही कर्नाटकातल्या खानापूरचे. माझी गॅसची भट्टी घरीच बांधलेली, आतून सिरॅमिक फायबर लावलेली. वरच्या आणि खालच्या शेल्फमध्ये सहज 40 अंशांचा फरक पडतो. इथल्याच लाल मातीत फेल्डस्पार आणि व्हाइटिंग (दोन्ही खनिजांच्या पुडी) घालून मी एक ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा चकचकीत लेप, बसवलंय. 1220 ला काकवीसारखं येतं. वर 1240 झालं की वाहून शेल्फला चिकटतं, खाली 1200 ला राहिलं की सारवल्यासारखं दिसतं. पणजीच्या एका दुकानाची 140 कपांची ऑर्डर दिवाळीआधी द्यायची होती. इलेक्ट्रिक भट्टी हवीच होती आणि नव्या भट्टीची कोटेशनं दोन लाखांच्या वर.

अशात आमच्या कुंभारकामवाल्यांच्या ग्रुपवर मेसेज आला: पुण्यातला स्टुडिओ बंद करतोय, इलेक्ट्रिक भट्टी, 85,000.

मी काही आंधळेपणानं उडी मारली नाही. 2019 मध्ये याच ग्रुपवरून आगाऊ पैसे पाठवून चाक घेतलं होतं, ते आजही कुरकुर न करता फिरतंय. व्हिडिओ मागितला, आला. आधार कार्डाचा फोटो मागितला, तोही आला. (तो कुणाचाही असू शकतो, हे आता कळतंय.) मग फोनवर विचारलं, ‘कॉइल, म्हणजे तापणारी तार, कसली आहे?’

‘निक्रोम, मॅडम. 1300 पर्यंत आरामात जाते.’

इथेच फोन ठेवायचा होता. निक्रोमची तार स्वतः 1200 च्या आसपास हात टेकते, भट्टीची आतली उष्णता त्याहूनही कमी ठेवावी लागते. 1300 ला कँथल नावाची दुसरी तार लागते, हे माझ्याकडे शिकायला येणारी पोरंही सांगतील. आणि मी काय केलं? ‘कँथल असेल हो,’ असं मीच म्हटलं! तो लगेच, ‘हां हां, कँथलच, चुकून बोललो.’ पेपरही मीच काढला, उत्तरही मीच लिहून दिलं. थर्मोकपल (आतलं तापमान मोजणारा सेन्सर) कुठल्या प्रकारचा विचारलं तर म्हणाला, ‘ओरिजिनल.’ मी हसले आणि 25,000 पाठवले.

का पाठवले, ते सांगते. त्याच सकाळी भट्टी उघडली होती आणि 19 कप शेल्फला चिकटले होते. छिन्नीनं तोडत बसले होते, बाहेर आमच्याकडचा तो पाऊस, कच्चा माल वाळत नाही. अशा वेळी माणसाला जे हवं असतं तेच ऐकू येतं.

पुढचं ठरलेलं, तुम्ही ओळखलंच असेल. टेम्पोभाडं 9,400. दुसऱ्या दिवशी ‘ड्रायव्हर’चा फोन: सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर गाडी अडवलीय, एन्ट्री टॅक्स आणि ई-वे बिलाचे 6,850 द्या. मागे गाड्यांचे हॉर्न, कुणीतरी कन्नड बोलतंय, अगदी नाक्यासारखं. जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हाच एन्ट्री टॅक्स गेला, आणि ई-वे बिल काढायला सरकार एक पैसा घेत नाही. माझे चुलत दीर याच रस्त्यानं वीस वर्षं ट्रक चालवतात. एक फोन केला असता तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. पण बांधावरून बोलणं बंद आहे, नाही केला. मग ‘परत मिळणारं’ इन्शुरन्स डिपॉझिट, 12,500. ते परत घ्यायला क्यूआर स्कॅन करून पिन टाका म्हणाला, तेव्हा कुठे डोळे उघडले. पैसे यायला पिन लागत नाही, एवढं तरी ठाऊक होतं.

आता खरा ताप ऐका. कुठली स्टेशनं ते लिहीत नाही, पुन्हा तिथेच जायचंय. पहिल्या ठिकाणी, ‘दोन दिवस थांबा, गाडी येईल की.’ तिसऱ्या दिवशी, ‘कन्नडदाग बरकोंड बर्री,’ म्हणजे कन्नडात लिहून आणा. शेजारच्या सरांकडून कन्नडात अर्ज लिहून नेला. तर म्हणे, पैसे गेले ते खातं महाराष्ट्रातलं, तिकडे जा. रजा काढून नवऱ्याबरोबर कोल्हापूर गाठलं. तिकडचे साहेब म्हणाले, ‘तुम्ही कर्नाटकातल्या, तुमच्याकडेच नोंदवा.’ अहो, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, तक्रार घ्यावीच लागते, 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत) कलम 173 आहे! हे मी सांगितलं तर साहेबांनी चहा मागवला. स्वतःसाठी. सीमाप्रश्न 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडलाय, माझे 53,750 बहुतेक त्याच्याच मागे रांगेत उभे आहेत. बँकेत वेगळीच तऱ्हा. पिन तुम्हीच टाकलात ना, मग व्यवहार अधिकृत! त्यात काउंटरवरची मुलगी गालात हसली, ते अजून डोक्यातून जात नाही.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, पहिल्या तासात फोन लावा, स्टेशनात काही का सांगेनात. मी तिसऱ्या दिवशी लावला. तोवर त्या खात्यात 1,140 उरले होते, तेवढे गोठवले. ते सोडवायला तेव्हा कोर्टाचा आदेश लागेल म्हणाले. वकिलाची फी विचारली आणि घरी आले.

आणि जुनी भट्टी घ्यायची तर समोर उभं राहून पेटवून बघा, 600 पर्यंत चढली तरी पुष्कळ कळतं. भाडं परवडत नसेल तर त्या गावच्या एखाद्या कुंभाराला पाठवा, आपल्या धंद्यात कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच.

ऑर्डर गॅसवरच भाजली, पणजीला 140 पैकी 96 कपच पोचले. परवा गोव्याच्या एका ग्रुपवर तीच भट्टी दिसली, तोच फोटो, नंबर वेगळा, किंमत 78,000. खाली मी लिहिलं, तर ॲडमिननं मलाच काढून टाकलं. जाहिरातीत या वेळी नीट लिहिलंय: कॉइल कँथल ए-वन.